एकाच बाजूला फिरणारं कडं

नोल्बेर्तो कार्कामोला घड्याळातलं कळतं, असं पिचिलकोच्या किनाऱ्यावर सगळे म्हणत, आणि तोही कधी नाही म्हणत नसे. खरं तर त्याला एकाच घड्याळातलं कळत होतं, ते म्हणजे त्याच्या स्वतःच्या. काळी तबकडी, सायीच्या रंगाचे जाड आकडे आणि भोवती बोटांनी फिरवायचं कडं. तरुणपणी तो चिलोए बेटाच्या त्या गार समुद्रात बुड्या मारायचा, तेव्हा अंगात रबरी पोशाख, कमरेला शिशाचा पट्टा, तोंडात बोटीवरच्या कॉम्प्रेसरची नळी आणि मनगटावर ते घड्याळ, एवढाच त्याचा संसार पाण्याखाली असे. मग एका हिवाळ्यात दाबाने धरलं, म्हणजे फार वेळ खोल पाण्यात राहिलेल्या बुडी मारणाऱ्याला धरतो तो आजार. वर आला तेव्हा हसत होता, थट्टा करत होता. बोट धक्क्याला लागेपर्यंत डावा पाय त्याचा राहिला नव्हता. पुढे पाय थोडा परत आला, पण ओढतच. घड्याळ मात्र त्याच्या बायकोने, एदेल्मीराने, धक्क्यावरून समुद्रात भिरकावून दिलं. तिचा सगळा राग त्या घड्याळावर होता.

कारण नोल्बेर्तोने तेव्हा दवाखान्यात सगळ्यांना एकच गोष्ट सांगितली होती. कडं सरकलं. खाली दगडात हात अडकला, कडं पुढे सरकलं, मिनिटं कमी दिसली आणि तो जास्त वेळ खाली राहिला. घरात, शेजारात, चर्चच्या पायरीवर, सगळीकडे हीच गोष्ट झाली. त्याचा स्वतःचाही त्या गोष्टीवर पूर्ण विश्वास होता. खोटं बोलणारा माणूस नव्हता तो.

पाय गेल्यावर तो नळीवाला झाला. म्हणजे बोटीत बसून खाली गेलेल्या माणसाची नळी हातात धरायची, ती गुंतू द्यायची नाही, कॉम्प्रेसरवर कान ठेवायचा. आणि आता तो नळी धरणार होता स्वतःच्या पोरीची. यास्नाने बुडीचा परवाना मिळवला होता, तोही पहिल्या फटक्यात. किनाऱ्यावरच्या बायकांनी नाकं मुरडली, पुरुषांनी जरा जास्तच कौतुक केलं, आणि एदेल्मीराने दोन दिवस चुलीशी आदळआपट करून शेवटी एकच अट घातली.

"पोरीला घड्याळ चांगलं घ्यायचं. बाजारातलं प्लॅस्टिकचं नाही. आणि तुम्ही निवडायचं. एकदा तुमचं घड्याळ फसलं, पुन्हा फसलेलं मला चालणार नाही. कळलं का, म्हातारबा?"

"कळलं," नोल्बेर्तो म्हणाला. घड्याळ निवडणं म्हणजे आता नुसतं घड्याळ निवडणं राहिलं नव्हतं.

यास्नाने गेल्या हंगामात शिंपल्यांच्या कारखान्यात काम करून बाजूला टाकलेले आणि एदेल्मीराने धुरी दिलेले शिंपले विकून जमवलेले, असे मिळून एक लाख ऐंशी हजार पेसो झाले. त्याच्या वर एक पेसोही नाही, असं आईने बजावलं. बापलेक सकाळच्या बसने कास्त्रो शहरात गेले.

घड्याळवाला आबेलार्दो नोल्बेर्तोच्या जुन्या ओळखीचा होता. त्याने काचेवर हिरवं कापड अंथरलं आणि पहिल्यांदा एक सोनेरी, चकाकणारं घड्याळ काढलं.

"हे आमच्या ऐपतीतलं नाही," नोल्बेर्तो लगेच म्हणाला.

"माहीत आहे. हे नुसतं डोळे मोठे करायला. मोठे झाले ना? आता खरी बघा." आबेलार्दोने ते उचलून आत ठेवलं आणि दुसरी दोन काढली. "आजकाल सगळ्यांना आजोबांच्या काळातलं दिसणारं आणि नातवाच्या काळातलं चालणारं घड्याळ हवं असतं. ही दोन्ही तशीच. नवी कोरी आहेत, पण तोंडवळा जुना."

त्यातल्या एकावर नोल्बेर्तोची नजर खिळली. काळी तबकडी. सायीचे आकडे. काचेला तसाच हलका फुगवटा. त्याचा हात आपोआप पुढे गेला आणि अंगठा-तर्जनीने कडं धरलं. कडं लोण्यासारखं फिरलं, डावीकडे, उजवीकडे, जिकडे न्याल तिकडे. त्याच्या बोटांना ते ओळखीचं होतं. क्षणभर त्याला आपण पुन्हा पंचविशीचे आहोत आणि दोन्ही पाय आपलेच आहेत असं वाटलं, आणि त्या वाटण्याची त्याला लाजही वाटली.

"बाबा, हेच!" यास्ना म्हणाली. तिने ते मनगटाला लावून हात लांब धरला. "फोटोतल्या तुमच्या घड्याळासारखं आहे अगदी. हेच घ्यायचं."

"थांब जरा. उजेडातलं रूप काय बघतेस? खाली काळोख असतो."

असं म्हणून त्याने आपला जाड लोकरी कोट डोक्यावरून ओढला आणि घड्याळं घेऊन आत शिरला. तबकड्या अंधारात दिसतात का ते त्याला बघायचं होतं. आतून त्याचा आवाज आला, "ये की आत." मग यास्नाही कोटाखाली शिरली. दुकानात आलेल्या एका बाईने दोन धडं आणि एक कोट बघून आबेलार्दोकडे पाहिलं. आबेलार्दोने खांदे उडवले.

आत दोन हिरवट वर्तुळं चमकत होती. दोन्ही छान चमकत होती.

"दोन्ही दिसतात," यास्ना कुजबुजली.

"हं."

"मग काळंच घेऊ या ना."

नोल्बेर्तोने कोट काढला. केस उभे राहिले होते. त्याने दुसरं घड्याळ उचललं. तेही जुन्या घाटाचं होतं, पण जाडजूड, तबकडी धुक्यासारखी राखाडी, आणि चावी आट्यांनी घट्ट पिळून बसवायची. त्याने कडं फिरवून बघितलं. कट, कट, कट. डावीकडे फिरलं. उजवीकडे फिरवायला गेला तर जागचं हलेना.

"हे एकाच बाजूला फिरतं," आबेलार्दो म्हणाला. "बुडी मारणाऱ्यांसाठीच केलंय तसं. धक्का लागलाच तर वेळ जास्त दाखवेल, कमी कधीच दाखवणार नाही. घाबरून माणूस लवकर वर येईल, एवढंच."

नोल्बेर्तोने काळं घड्याळ कापडावर ठेवलं. हळूच ठेवलं.

"हे राखाडी."

"बाबा! हे? बशी बांधल्यासारखं दिसतंय हातावर!"

"बशी तर बशी."

"तुमच्या हातात ते तसलंच होतं की इतकी वर्षं. चाललं ना?"

"चाललं." त्याने डावा पाय जमिनीवर आपटला. लाकूड आपटल्यासारखा आवाज आला. "म्हणूनच हे बघ."

यास्नाचे गाल लाल झाले. परवान्याच्या शिकवणीत यास्नाला मनगटावर बांधायचं, खालच्या वेळेचा हिशोब स्वतः ठेवणारं एक यंत्रही दाखवलं होतं, म्हणून नोल्बेर्तोने समजूत घालायला विचारलं, "की ते यंत्र मागवू या? महिना-दीड महिना लागेल म्हणतात, पण..."

"तोवर हंगाम संपेल. आणि ते सारखं पीं पीं करतं. सगळी पोरं हसत होती. घरात सारखं टोकायला आत्या आहे ती पुरे, हातावर आणखी एक नको." एवढं बोलून तिला स्वतःलाच हसू आलं, आणि तिने राखाडी घड्याळ बांधून घेतलं.

बसमध्ये ती ते फिरवून बघत राहिली. कट, कट, कट. नोल्बेर्तोला तो आवाज फार आवडला. त्याला वाटलं, आपण पोरीभोवती भिंत बांधली.

पहिला दिवस शांत उजाडला. ढग खाली, वारा पडलेला, पाणी शिशासारखं. त्यांची बोट बायकोच्या नावाची होती, त्यामुळे समुद्रातही एदेल्मीराच्या अंगावरच बसायला लागतं असं नोल्बेर्तो म्हणायचा, पण आज त्याला थट्टा सुचत नव्हती. थोड्या अंतरावर त्यांच्याच किनाऱ्यावरच्या एवारिस्तोची बोट होती. एवारिस्तोच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"काय गं यास्ना, बाप खाली गेला नाही म्हणून तुला पाठवलं का?"

"तुमची थैली रिकामी दिसली, ती भरायला चाललेय," यास्नाने उत्तर दिलं.

खाली बारा-पंधरा वाव, म्हणजे वीस-पंचवीस मीटर खोल पाण्यात दगडांची रांग होती आणि तिच्यावर एरीसो, म्हणजे आत केशरी गर असलेले ते काटेरी गोळे, खच्चून भरलेले होते. यास्नाने नळी कमरेच्या पट्ट्याला बांधली, तोंडात धरली, आणि जायच्या आधी घड्याळाच्या कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणली. मग मनगट वर करून बापाला दाखवलं.

"शून्य!"

तिला हे त्यानेच शिकवलं होतं. अगदी लहान होती तेव्हापासून, जेवणाच्या टेबलावर. बुडीच्या आधी खूण काट्यासमोर आणायची. मग खूण आणि काटा यांच्यात जेवढं अंतर तेवढा वेळ खाली झाला. नोल्बेर्तोची छाती फुगली. ती पाठमोरी पाण्यात पडली आणि नळी त्याच्या हातातून सरकत खाली गेली.

किनाऱ्यावरची नळीची भाषा सोपी होती. खालच्याने एक झटका दिला की मी ठीक आहे. दोन दिले की नळी सैल सोड. आणि वरच्याने तीन झटके दिले की कॉम्प्रेसर बिघडला, मरायचं नसेल तर आहेस तसा वर ये. ह्यापलीकडे चौथी गोष्ट सांगायची रीतच नव्हती. वर कधी यायचं हे खालच्याने ठरवायचं. नळीवाल्याने ते ठरवलं तर तो बुडी मारणाऱ्याचा अपमान समजत, दोघांची भांडणं व्हायची, सोयरिकी मोडायच्या.

यास्ना वेळेवर वर आली. थैली भरलेली. थोडी विश्रांती, मातेच्या पाल्याचा थोडा गरम चहा, मिल्काओ या बटाट्याच्या भाकरीचे दोन घास, आणि पुन्हा कट, कट, कट. "शून्य!" दुसरी बुडी. पुन्हा वेळेवर. मग तिसरी. ती वर आली तेव्हा बोटीच्या पोटात एरीसोचा ढीग झाला होता. विकत घेणाऱ्यांचं जहाज सामुद्रधुनीत येऊन उभं होतं. एवारिस्तोसुद्धा मान उंचावून बघत होता आणि काही बोलत नव्हता, यावरूनच काय ते समजावं.

यास्ना कडेला बसून खांदा चोळत होती.

"काय झालं?"

"काही नाही. थैलीचा पट्टा रुतला."

नोल्बेर्तोने तिच्याकडे बघितलं. पट्टा तिने डाव्या खांद्यावर घेतला होता. ती उजवा चोळत होती.

"आज पुरे," तो म्हणाला.

"पुरे काय, बाबा? खाली अजून अर्धी रांग पडली आहे. जहाज उद्या नसणार. एक शेवटची." तिने कडं फिरवलं आणि मनगट त्याच्या नाकासमोर धरलं. "बघा. शून्य!"

तो शब्द नोल्बेर्तोने पूर्वी स्वतःच्याच तोंडून ऐकला होता.

राखाडी तबकडी समोर होती, पण त्याला दिसत होती काळी. त्याच्या बोटांना सगळं आठवलं, डोक्याच्या आधी. त्या दिवशीही चौथीच बुडी होती. त्याआधी त्याने कडं धरून स्वतःच, आपल्या दोन बोटांनी, खूण काट्यासमोर आणली होती, आणि नळीवाल्याला ओरडून सांगितलं होतं, शून्य. सगळेच सांगायचे. नवी बुडी, नवा हिशोब. घड्याळाने त्याला खाली बरोबर मिनिटं दाखवली होती. कडं कुठेही सरकलं नव्हतं. दगडात हात अडकलाच नव्हता. एवढी वर्षं तो ज्याला दोष देत होता त्या बिचाऱ्या कड्याने आपलं काम चोख केलं होतं. कडं शून्यावर आलं होतं, पण सकाळपासून प्रत्येक बुडीत दाबाने रक्तात साठत गेलेली हवा शून्यावर आली नव्हती. आणि त्याने पोरीला घेऊन दिलेलं हे कडं एकाच बाजूला फिरत असलं, तरी शून्यावर यायचंच.

"यास्ना, थांब. आज सकाळपासून किती वेळ खाली झाला तुझा?"

"सकाळपासून?" तिने हसून मास्क ओढला. "घड्याळ दिवसाचं नसतं बाबा, बुडीचं असतं. तुम्हीच शिकवलंत."

आणि ती गेली.

नळी सरसर सरकू लागली. नोल्बेर्तोला ती धरून थांबवता आली असती, पण पहिले काही क्षण हात चाललेच नाहीत. मग नळी थांबली. यास्ना तळाला पोचली. एक झटका आला. मी ठीक आहे.

आता काय करायचं? तीन झटके द्यावे, तर ती कॉम्प्रेसर बंद पडला समजून जीव खाऊन सरळ वर येईल, आणि हवा भरलेल्या रक्ताने एकदम वर येणं म्हणजे तर सर्वांत वाईट. हळू ये असं सांगायला झटकाच नव्हता. कुणालाही कधी लागला नव्हता तो. कॉम्प्रेसर त्याच्या पाठीमागे फटफट करत होता आणि तो आवाज आज त्याला सहन होत नव्हता.

त्याने डावा पाय बोटीच्या आडव्या फळीखाली अडकवला, दोन्ही हातांनी नळी धरली आणि ओढायला लागला. हळू, अगदी हळू. एका हाताने एक वीत, मग दुसऱ्याने एक वीत. खालून लगेच दोन झटके आले. सैल सोड. त्याने सोडली नाही. पुन्हा दोन झटके, जोरात. नळी एवढी ताणली की त्याच्या तळव्याची साल निघाली. यास्ना खाली दगडाला धरून राहिली असावी. शिशाचा पट्टा, भरत आलेली थैली, आणि तिचा हट्ट, एवढ्या वजनाशी तो झुंजत होता. मग अचानक वजन हललं. तिने दगड सोडला होता.

"ए नोल्बेर्तो!" पलीकडून एवारिस्तो ओरडला. "पोरगी आहे ती, शिंपल्याचं पोतं नाही! असं ओढतात का?"

त्याच्या बोटीवरचे दोघे हसले. नोल्बेर्तोने मान वर केली नाही. वीत, वीत, वीत. घाई केली तर तोच तिला मारणार, आणि घाई न करणं हे त्याच्या हातांना सगळ्यात कठीण जात होतं.

धूसर पाण्यात तिचा काळा आकार दिसू लागला तसं त्याने ओढणं थांबवलं आणि नळीला फळीभोवती वेढा दिला. इथेच थांबायला हवं होतं तिला, बराच वेळ, रक्तातली हवा हळूहळू सुटेपर्यंत. पण हे तिला कोण सांगणार? ती नळीला धरून चढू लागली होती. तिचा चेहरा मास्कमागे दिसत नव्हता, तरी ती किती भडकली असेल हे त्याला माहीत होतं. त्याचीच पोर होती.

त्याने टोपी काढून टाकली, बोटीच्या काठावर पोट टेकलं आणि डोकं पाण्यात घातलं.

पाण्याने कानशिलात खिळे मारल्यासारखं झालं. त्याने डोळे उघडे ठेवले आणि हात खाली लांब करून पंजा उघडला. थांब. डोकं वर, एक श्वास, पुन्हा आत. थांब. यास्नाला वर काय दिसलं असेल कोण जाणे. पांढरे केस पसरलेलं बापाचं डोकं आणि एक मोठा पंजा. ती चढायची थांबली. नळीला धरून तिथेच लोंबकळत राहिली.

"काय रे, आंघोळ करतोस का?" एवारिस्तो ओरडला. मग बहुतेक त्याच्या लक्षात आलं असावं, कारण थोड्या वेळाने त्याच्या बोटीच्या वल्ह्यांचा आवाज जवळ येऊ लागला. कुणीतरी नोल्बेर्तोचा पट्टा मागून धरला, तो पाण्यात पडू नये म्हणून. नोल्बेर्तोने वळून बघितलं नाही. डोकं आत, पंजा, श्वास, डोकं आत. ओठ निळे पडले, दात वाजू लागले, आणि पोरीने वर यायचा प्रयत्न केला की पंजा पुन्हा पुढे.

शेवटी त्याने तिला वर घेतलं. तिने मास्क खेचून काढला.

"लाज काढलीत माझी! सगळ्यांसमोर! मासा गळाला लागल्यासारखी ओढून काढलीत मला! आता कोण मला बुडी मारणारी म्हणेल? सगळे म्हणतील, बापाची दोरी बांधलेली..."

आणि बोलता बोलता ती थांबली. उजवा हात मांडीवर पडला होता. तिने तो उचलायचा प्रयत्न केला. बोटं हलली, पण दुसऱ्या कुणाची असल्यासारखी.

"बाबा," ती वेगळ्याच आवाजात म्हणाली. "हात."

एवारिस्तोने स्वतः त्यांची बोट मागे बांधून घेतली आणि इंजिन पूर्ण ताकदीने सोडलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही. एवढा वेळ गप्प बसलेला एवारिस्तो पिचिलकोत कुणी बघितला नव्हता.

दवाखान्यात दाबाची टाकी होती, वर आलेल्याला पुन्हा दाबाखाली ठेवून हळूहळू सोडवणारी. यास्नाला आत झोपवलं, जाड दार फिरवून बंद केलं. नर्सने तिच्या अंगावरच्या वस्तू एका ट्रेमध्ये आणून नोल्बेर्तोच्या मांडीवर ठेवल्या. एदेल्मीरा आली ती पोतंभर लोकरीचे कपडे आणि थर्मास घेऊन. ती रडली नाही. बाकावर नवऱ्याशेजारी बसली आणि त्याच्या सोललेल्या तळव्यांकडे बघत राहिली.

"घड्याळ फसलं का पुन्हा?" तिने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मागच्या वेळीही फसलं नव्हतं. कडं सरकलं नव्हतं, एदेल्मीरा. प्रत्येक बुडीला मीच शून्यावर आणत होतो. आम्ही सगळेच आणायचो. आणि पोरीला मीच ते शिकवलं."

मग ती म्हणाली, "एवढी वर्षं मी त्या घड्याळाला शिव्या घातल्या."

"मीही."

"तुम्हाला घालायला हव्या होत्या."

"घाल."

पण तिने घातल्या नाहीत. थर्मासचं झाकण उघडून त्याच्या हातात दिलं, आणि त्याचे तळवे सोललेले होते म्हणून वरून आपले हात धरले. टाकीच्या गोल काचेतून यास्नाचा चेहरा दिसत होता. डोळे मिटलेले होते. नोल्बेर्तोने इतकी प्रार्थना स्वतःच्या पायासाठीही केली नव्हती. त्याने सगळ्या संतांना हात जोडले, आणि ज्यांची नावं आठवेनात त्यांनाही.

दार उघडलं तेव्हा बाहेर उजेड बदलला होता. डॉक्टरीणबाईंनी यास्नाला हात उचलायला सांगितला. तिने उचलला. मूठ मिटायला सांगितली. तिने मिटली, पूर्ण. एदेल्मीरा तेव्हा रडली, आणि रडता रडता पोरीला चार शब्द सुनवायलाही विसरली नाही.

"हा हंगाम बंद," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढचं पुढे बघू. आणखी थोडी खाली राहिली असती किंवा सरळ वर आली असती, तर मी असं बोलत नसते."

यास्ना बाकावर बसली. बराच वेळ ती बापाकडे बघत नव्हती. मग तिने विचारलं, "घड्याळ कुठंय?"

नोल्बेर्तोने ते ट्रेमधून काढून पुढे केलं. तिने घेतलं, आणि त्याचंच मनगट ओढून त्यावर बांधायला लागली. उजवी बोटं अजून नीट वळत नव्हती, पण तिने आईला मदत करू दिली नाही.

"पुढच्या हंगामात हे तुमच्या हाताला," ती म्हणाली. "कडं फिरवलंत तरी सकाळपासूनची सगळी मिनिटं जोडत जायची, शून्य म्हणायचं नाही. खाली गेल्यावर मला फक्त एरीसो दिसतात, बाबा. आणखी थोडं, आणखी थोडं, असंच वाटत राहतं."

"मलाही वाटायचं."

"तुम्ही म्हणाल तेव्हा वर."

"आणि तू ऐकलं नाहीस तर?"

"तर ओढा."

"सगळ्यांसमोर?"

तिने बक्कल लावलं, आणि मग पहिल्यांदा त्याच्याकडे बघितलं.

"सगळ्यांसमोर," ती म्हणाली.